डिस्कसच्या पुस्तिका : आज्ञा आहेत, कारणे नाहीत

घरी मत्स्यालय ठेवणाऱ्याला डिस्कसचा मोह कधी ना कधी पडतोच. थाळीसारखा गोल, चपटा, संथपणे फिरणारा हा मासा महाग असतो आणि नाजूकही. म्हणून घेणारा माशाबरोबर एखादी मार्गदर्शक पुस्तिकाही घेतो. अशा बऱ्याच पुस्तिका आम्ही वाचल्या. चित्रे बदलतात, पण चार आज्ञा बदलत नाहीत : पाणी आम्लधर्मी ठेवा, तापमान २८ ते ३० अंश सेल्सियस राखा, गुरांच्या हृदयाचा खिमा खाऊ घाला आणि पाणी वरचेवर बदला.

यातली एकही आज्ञा सर्वस्वी चुकीची नाही. आमची तक्रार अशी की, या चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि पुस्तिका त्या सुट्या सुट्या सांगतात.

प्रथम 'नैसर्गिक' या शब्दाविषयी. हेकेल या शास्त्रज्ञाने १८४० साली डिस्कसचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते ब्राझीलमधील रिओ नेग्रो नदीतील माशावरून. कुजलेल्या पाचोळ्यामुळे या नदीचे पाणी चहासारखे काळपट आणि बरेच आम्लधर्मी असते. क्षार तर जवळजवळ नसतातच. आम्लधर्मी पाण्याची आज्ञा येथून आली. पण ॲमेझॉनच्या खोऱ्यात इतरत्र डिस्कस याहून कमी आम्लधर्मी पाण्यातही राहतात, आणि दुकानातला मासा बहुधा पैदास केंद्रातच वाढलेला असतो. शिवाय निसर्गात हा मासा शेवाळ, कुजका पाला आणि बारीक जलचर टिपून खातो. त्याचे आतडेही त्याला साजेसे लांब असते. मग पाणी निसर्गातले हवे आणि अन्न मात्र खाटकाकडचे, हे कसे?

उत्तर आहे, पण ते पुस्तिकेत नाही. खिम्यात प्रथिने भरपूर असल्याने पिल्ले झपाट्याने वाढतात. उबदार पाण्यात शरीरक्रिया वेगाने चालतात, भूकही वाढते. मात्र प्रथिनांतला नायट्रोजन मासा अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, आणि उरलेला खिमा कुजून त्यात भर घालतो. म्हणजे वरचेवर पाणी बदलण्याची चौथी आज्ञा ही बव्हंशी तिसरीचीच किंमत आहे. त्यातच ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच.

आता खरा धोका पाहू. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो : विषारी अमोनिया वायू आणि त्या मानाने निरुपद्रवी अमोनियम आयन. पाण्याचा सामू ६ आणि तापमान ३० अंश असेल, तर विषारी रूपाचा वाटा हजारात एकाहूनही कमी असतो. सामू ८ झाला की तोच शंभरात सातपेक्षा अधिक होतो, म्हणजे सुमारे नव्वद पट! त्यातून, अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू आम्लधर्मी पाण्यात मंदावतात. समजा, एखाद्याने पाणी आम्लधर्मी ठेवले, खिमा घातला, आणि परीक्षेच्या धांदलीत दोन आठवडे पाणी बदलले नाही. मग आज्ञा आठवून एकदम अर्धी टाकी कठीण, अल्कधर्मी पाण्याने भरली. साठलेला निरुपद्रवी अमोनियम बघता बघता विषारी होतो. नियम पाळला आणि मासे गेले! दोष मात्र 'नाजूक' माशाच्या माथी बसतो.

पिल्लांच्या अन्नाविषयीही हाच प्रकार. 'मादी पिल्लांना दूध पाजते' एवढे एक वाक्य बहुतेक पुस्तिकांत असते. ते दूध नव्हे. कातडीवर पाझरणारा श्लेष्मा आहे, आणि तो नर-मादी दोघेही देतात. हिल्डेमान यांनी १९५९ साली याचे वर्णन केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या काळात श्लेष्म्यातील प्रथिने व प्रतिपिंडे वाढतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून आईबाप पिल्लांना टाळू लागतात, असे आढळले. पिल्लांना आईबापांजवळ का ठेवायचे, याचे कारण इथे आहे. पुस्तिकेत 'वेगळे करू नका' एवढीच आज्ञा!

शिक्षकांना आमची एक सूचना. पावसाचे आणि बोअरचे पाणी दोन पेल्यांत समप्रमाणात घ्या. दोन्हींत लाल कोबीचा रस घाला आणि लिंबाचे थेंब मोजत टाका. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतील, तर रंग गुलाबी व्हायला पुष्कळ अधिक थेंब लागतील. 'थोडे आम्ल घाला' हा सल्ला सगळीकडे सारखा का लागू पडत नाही, हे मुले स्वतःच सांगतील.

मासा विकत घ्यायचा तो त्यानंतर.