वसईचा १६१८ चा ‘भूकंप’ आणि नकाशावरची रेघ

महाराष्ट्रातील जुन्या भूकंपांच्या याद्यांमध्ये एक नोंद हमखास आढळते : २६ मे १६१८, मुंबई व परिसर, दोन हजार माणसे मृत्युमुखी, साठ जहाजे बुडाली. थॉमस ओल्डहॅम यांनी जमवलेली भारतीय भूकंपांची यादी त्यांच्या निधनानंतर, १८८३ साली, त्यांचे पुत्र आर. डी. ओल्डहॅम यांनी प्रसिद्ध केली. नंतरच्या बहुतेक नोंदींचे मूळ त्या यादीत आहे. विसाव्या शतकातील याद्यांमध्ये मात्र या नोंदीला अक्षांश-रेखांश मिळाले आणि ६.९ ही महत्ताही मिळाली. १६१८ साली भूकंपमापक अस्तित्वात नव्हता. मग दशांश चिन्हानंतरचा हा नऊ आला कोठून?

पद्धत अशी : नुकसानीच्या वर्णनावरून तीव्रतेचा अंदाज बांधायचा आणि तीव्रतेवरून सूत्राने महत्ता काढायची. पद्धत चूक नाही. पण नुकसान भूकंपानेच झाले होते, हे तिने गृहीत धरलेले असते. नेमके तेच येथे संशयास्पद आहे.

मूळ वर्णन वसईचे आहे. जे. गर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईवरील आपल्या १८७६ च्या ग्रंथात पोर्तुगीज लेखनाच्या आधारे ते दिले आहे. आभाळ भरून आले, मेघगर्जना झाल्या, प्रचंड वारा सुटला, रात्रीच्या सुमारास लाटा उसळून पाणी शहरात घुसू लागले, चर्चचे माथे उडाले, असा त्याचा आशय आहे. आता प्रत्येक लक्षण तपासून पाहा. भूकंपाचा धक्का काही सेकंद, फार तर काही मिनिटे टिकतो. येथे घटना तासन्‌तास वाढत जाते. भूकंपापूर्वी ढग जमावे लागत नाहीत. त्सुनामी आल्याखेरीज भूकंपाने जहाजांची अशी हानी होत नाही. वादळाने सहज होते. रॉजर बिलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ वर्णने पाहून हे वादळच असावे असा निष्कर्ष काढला. तो पटण्याजोगा आहे.

दुसरी कसोटी अंतराची. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सुमारे ६.३ महत्तेचा होता आणि तो मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत जाणवला. ६.९ महत्तेच्या भूकंपात त्याच्या जवळजवळ आठपट ऊर्जा बाहेर पडते. असा धक्का वसईला बसला असता तर दमण, सुरत, चौल ही पत्रव्यवहाराची ठिकाणेही हादरली असती. भूकंप सिद्ध करायचा तर तेथील त्याच दिवसाच्या नोंदी पुढे ठेवाव्या लागतील. एका शहरातील वादळाच्या वर्णनावर ते काम भागत नाही.

खरा आक्षेप याच्या पुढचा आहे. नोंदीला जागा मिळाली की तिला प्रस्तरभंग शोधला जातो. मुंबईच्या पूर्वेला पनवेलचा वळीपट्टा आहे. तेथे बेसाल्टचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत. वसईच्या पूर्वेस वज्रेश्वरी, गणेशपुरी, सातिवली येथे गरम पाण्याचे झरे आहेत. म्हणजे खोलवर भेगा आहेत, एवढे मान्य. पण हा पट्टा सहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास तयार झाला. खडकात भेग असणे आणि ती भेग आज सरकत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. भूकंप येथे झाला, कारण जवळ प्रस्तरभंग आहे; आणि प्रस्तरभंग जागृत आहे, कारण येथे भूकंप झाला! हा युक्तिवाद स्वतःच्याच शेपटीमागे फिरतो.

खऱ्या पुराव्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. १६ जून १८१९ च्या कच्छच्या भूकंपात ‘अल्लाबंद’ हा लांबच लांब उंचवटा जमिनीतून वर आला. तेथे भूकंपाने आपली सही मागे ठेवली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला सात हजारांहून अधिक माणसे गेली. तेथील प्रस्तरभंग आधी कोणत्याच नकाशात नव्हता. जमिनीवर उमटलेल्या भेगा, खणलेले चर आणि विंधनविवरे यांतून तो नंतर उलगडला. याच पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरी भागात, नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. भूकंपमापकांचे जाळे बसल्यावर शेकडो धक्क्यांची जागा व खोली मांडता आली आणि उपग्रहांवरील रडारने जमिनीची हालचाल टिपली. किल्लारी आणखी एक धडा देते : नकाशावर रेघ नाही म्हणून धोका नाही, असे म्हणता येत नाही. १६१८ ची नोंद खोडली म्हणून वसई-विरारच्या इमारती भूकंपरोधक नसल्या तरी चालतील, असा अर्थ कोणी काढू नये. २००२ च्या भारतीय मानकात हा भाग तिसऱ्या विभागात आहे.

हा केवळ अभ्यासकांचा वाद नाही. ती घटना वादळाची असेल, तर तिच्यातून मिळणारा इशाराही वेगळा आहे. मे महिना, अरबी समुद्र, शहरात घुसणारे पाणी : मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला, तो महिनाही तोच. पश्चिम किनाऱ्यावर मोठी वादळे येतच नाहीत, हा समज जुना आहे. वसईतील दोन हजार मृत्यू भूकंपाच्या खात्यावर टाकून आपण तो समज पोसत आलो.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. मूळ वर्णनाचा सारांश विद्यार्थ्यांना द्यावा आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘वारा’, ‘पाणी’ किंवा ‘जमीन’ असे लिहायला सांगावे. मग वसई किल्ल्यातील पडक्या चर्चच्या भिंती दाखवाव्यात. त्या भूकंपाने पडल्या असे कोणी म्हणाले, तर १७३९ मधील चिमाजी अप्पांच्या वेढ्यातील सुरुंग व तोफा आणि नंतरची अडीचशेहून अधिक वर्षांची हेळसांड यांची आठवण द्यावी. एका पडझडीची अनेक कारणे संभवतात. त्यांतली कोणती बाद करता येतात, हे सांगता येणे म्हणजेच पुरावा तपासणे. यादीतील आकड्यापेक्षा ही सवय विद्यार्थ्यांच्या अधिक उपयोगी पडेल.