दोषव्याप्तीचा आकडा आणि विश्वसनीयतेचा प्रश्न

पुणे-मिरज लोहमार्गावर रहिमतपूर हे स्थानक आहे. अशा स्थानकावर गाडीला लाल दिवा दाखवावयाचा की हिरवा, याचा निर्णय रिले-पद्धतीत रिले करतात. रिलेच्या रचनेतच सावधगिरी आहे. वीजप्रवाह खंडित झाला की आर्मेचर गळून पडते व सिग्नल लाल होतो. उपकरण बिघडले तरी बिघाड सुरक्षिततेकडे झुकावा, हे त्यामागील तत्त्व होय. हेच काम अंकीय परिपथाकडे सोपविले की हा आधार सुटतो. सिलिकॉनमधील तार 0 वर अडकेल तशीच 1 वरही अडकेल. म्हणून संभाव्य दोष आधीच संगणकावर घडवून पाहावे लागतात. यालाच दोषांचे सिम्युलेशन म्हणतात.

पद्धती सुबोध आहे. निर्दोष परिपथ आणि कल्पित दोष घातलेला परिपथ यांना तीच आदाने द्यावयाची. प्रदाने भिन्न आली की दोष सापडला. सापडलेल्या दोषांचे यादीतील एकूण दोषांशी जे प्रमाण, ती दोषव्याप्ती. या यादीत बहुधा एका वेळी एकच तार 0 वा 1 वर अडकल्याचे मानलेले असते. एल्ड्रेड यांच्या 1959 मधील निबंधापर्यंत या कल्पनेचे मूळ मागे जाते. तिची सोय उघड आहे. 20 तारांच्या परिपथात असे दोष 40 च होतात. अनेक तारा एकदम अडकू शकतात असे मानले, तर ती संख्या 348 कोटींच्या पुढे जाते. शिवाय या 40 दोषांसाठी रचलेल्या चाचण्यांत इतरही अनेक दोष सापडून जातात. तेव्हा ही पद्धती त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही.

आमचा आक्षेप तिच्या निष्कर्षाच्या नामकरणास आहे. दोषव्याप्ती हे यादीविषयीचे विधान आहे; परिपथाविषयीचे नव्हे. वॉडसॅक यांनी 1978 मध्ये दाखविले, की सीमॉस गेटमधील ट्रान्झिस्टर कायमचा खुला राहिला तर ते गेट आपले पूर्वीचे मूल्य धरून ठेवते. असा दोष उघड होण्यास क्रमाने दोन आदाने द्यावी लागतात. यादीत तो नसेल, तर शेकडा शंभर दोषव्याप्तीही त्याविषयी मौन पाळते. विल्यम्स व ब्राउन यांच्या 1981 मधील सूत्राप्रमाणे, निम्म्याच चिप चांगल्या निघत असतील व दोषव्याप्ती 95 टक्के असेल, तर चाचणीतून उत्तीर्ण झालेल्यांपैकी सुमारे 3.4 टक्के चिप सदोषच असतात. हे सूत्रही सर्व दोष सारखेच संभाव्य व परस्परांपासून स्वतंत्र आहेत, असे गृहीत धरते.

याहून खोल मर्यादा 1994 मध्ये पेंटियम चिपच्या भागाकारातील चुकीने दाखविली. तेथे तक्त्यातील पाच नोंदी मुळातच राहून गेल्या होत्या. म्हणजे ज्याला निर्दोष मानून तुलना करावयाची, तो नमुनाच चुकलेला. अशा ठिकाणी सिम्युलेशन काय बोलणार? पुढे 2021 मध्ये गूगल व फेसबुक येथील अभियंत्यांनी, चाचणीतून पार पडलेले काही प्रोसेसर प्रत्यक्ष वापरात मुकाट्याने चुकीची उत्तरे देतात, असे नोंदविले.

सिग्नलच्या बाबतीत तर प्रश्नच निराळा आहे. दोष सापडतो की नाही एवढेच पुरेसे नाही. सापडेपर्यंत प्रदान कोणत्या बाजूस झुकते, हे महत्त्वाचे. लाल दिव्यावर अडकलेला दोष गाडी खोळंबवील. हिरव्यावर अडकलेला प्राण घेईल. दोषव्याप्तीच्या गणितात मात्र दोघांचे वजन सारखेच!

म्हणून प्रबंधलेखकांनी केवळ टक्केवारी देऊन ‘विश्वसनीयता सिद्ध झाली’ असे लिहू नये. यादीत कोणते दोष घेतले, कोणते वगळले व का, हे सांगावे. आणि न सापडलेल्या दोषांची सुरक्षित व घातक अशी विभागणी करून द्यावी. राहिलेल्या एक टक्क्यात काय आहे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने उरलेल्या नव्व्याण्णवांचा अभिमान धरण्यात फारसा अर्थ नाही.