अर्थच्छटा

शब्दाच्या कोशगत अर्थाभोवती प्रयोग, रूढी व स्मृती यांमुळे जमलेले भावनिक व मूल्यात्मक सूचन. पाणी, जल व उदक हे तिन्ही शब्द एकाच पदार्थाचे वाचक असून कोशकार सोयीसाठी ते पर्याय म्हणून देतात. तथापि ‘उदक’ या शब्दामागे दान व श्राद्ध यांचे वातावरण असल्याने तहानलेला मनुष्य उदक मागत नाही. बांगडी ‘फुटली’ असे न म्हणता ‘वाढवली’ म्हणण्याचा प्रघातही असाच पडला. पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडण्याच्या रूढीमुळे ‘फुटणे’ या साध्या क्रियापदास वैधव्याची भीती चिकटलेली आहे.

संस्कृत काव्यशास्त्राच्या संदर्भात या विषयाचा विचार सामान्यतः आनंदवर्धनाच्या (नववे शतक) ध्वनिसिद्धांताच्या अनुषंगाने केला जातो. परंतु ध्वनी हा बव्हंशी वक्ता, श्रोता, प्रसंग इत्यादींवर अवलंबून असतो. ‘सूर्य मावळला’ या एकाच वाक्यातून गुराख्याला एक सुचते, अभिसारिकेला दुसरेच. एकेका शब्दाच्या छटेचे अधिक नेमके विवेचन कुंतकाच्या वक्रोक्तिजीवितात ‘पर्यायवक्रता’ या प्रकारात आढळते. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात बटुवेषधारी शिव पार्वतीसमोर स्वतःचीच निंदा करताना ‘कपाली’ हे नाव योजतो. शिवाची असंख्य नावे उपलब्ध असता नरकपाल धारण करणाऱ्याचे हे जुगुप्साजनक नावच तेथे का हवे, हे कुंतकाने मार्मिकपणे दाखविले आहे. ‘पिनाकी’ म्हटले असते, तर व्यक्ती तीच राहिली असती. निंदा मात्र लोपली असती.

कुंतक याचे सारे श्रेय कविव्यापाराला देतो, ही त्याच्या विवेचनाची मर्यादा होय. कवी छटा निवडतो. ती निर्माण क्वचितच करतो. बहुधा समाजानेच ती आधी घडविलेली असते आणि तिच्यावरून संघर्षही होतात. म. गांधींनी गौरवार्थ रूढ केलेला ‘हरिजन’ हा शब्द (याच नावाचे त्यांचे साप्ताहिक १९३३ मध्ये सुरू झाले) ज्यांच्यासाठी होता, त्यांतील अनेकांना तो अनुकंपेचा वाटला. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकात तो योजण्यास विरोध करून डॉ. आंबेडकर व त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. ‘दलित’ या शब्दाने निर्देश त्याच लोकांचा होतो. पण त्यात दडपणारा कोणीतरी आहे, हे सूचित होते. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने व त्या सुमारास बहरलेल्या साहित्याने हाच शब्द स्वतःच्या नावात घेतला आणि त्याची दैन्याची छटा मागे पडून विद्रोहाची छटा प्रभावी झाली.