भयावर विश्वास नसलेले भयपट

रामसे बंधूंचे नाव निघाले की सुशिक्षित मराठी वाचकाच्या चेहऱ्यावर एक ठराविक हसू उमटते. रबरी मुखवटे, हिरवा-तांबडा उजेड, यंत्रातून सोडलेला धूर, कुरकुरणारा दरवाजा, एवढ्यावर निकाल लावून आपण मोकळे होतो. अलीकडे याच्या उलट टोकाचाही एक पंथ निघाला आहे. जे वाईट तेच थोर, असे मानून तो या चित्रपटांची आरती ओवाळतो. मला दोन्ही निकाल उतावळे वाटतात, कारण दोघेही चित्रपट पाहत नाहीत, पाहिल्यासारखे करतात.

वडील फतेहचंद रामसिंघानी हे मूळचे कराचीचे रेडिओविक्रेते. फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्यांनी पुन्हा दुकान थाटले आणि पुढे चित्रपटनिर्मितीत पैसा घातला. ‘रुस्तम सोहराब’ (1963) आणि ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (1970) या त्यांच्या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर! हिंदी भयपटाच्या उंबरठ्यावर ‘रणांगण’कार उभे असावेत, ही गोष्ट मराठी वाचकाला चमत्कारिक वाटेल. दुसरा चित्रपट साफ पडला. मात्र त्यात मुखवटा चढवून चोरी करणारे पृथ्वीराज कपूर मुमताजला घाबरवतात, तेवढ्या एका प्रसंगासाठी लोक येतात आणि तो पाहून उठून जातात, हे तुलसी आणि श्याम या मुलांनी चित्रपटगृहात बसून हेरले. तेथून पुढचा सारा इतिहास त्या एका निरीक्षणाचा आहे.

मुलगे सात. कुमारने लिहायचे, गंगूने कॅमेरा धरायचा, किरणने ध्वनी, अर्जुनने संकलन, केशूने निर्मितीचा भार आणि तुलसी-श्यामने दिग्दर्शन. काश्मीरमध्ये हाऊसबोटीत राहून, छायाचित्रणावरील एक इंग्रजी पुस्तक पुढे ठेवून ही मंडळी धंदा शिकली. 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरी, साऱ्या कुटुंबाने मिळून, सुमारे चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात उरकला. या काटकसरीची थट्टा करावी असे मला वाटत नाही. थोडक्या पैशांत संसार आणि कला दोन्ही सांभाळणारे घर आदरासच पात्र आहे.

त्या शीर्षकापाशी थोडे थांबले पाहिजे. ज्या समाजात देह अग्नीच्या स्वाधीन केला जातो, तेथे प्रेताने उठून यावे कोठून? राखेतून देह उठत नाही. म्हणून या चित्रपटांना दफनभूमी उसनी घ्यावी लागली, आणि तिच्यासोबत क्रूस, शवपेटी, घंटाही आल्या. आमच्या लेखी दफनभूमी ही पुनरुत्थानाच्या आशेने निजलेल्यांची जागा. येथे मात्र ती केवळ देखावा होते, आणि क्रूस, त्रिशूळ, ओम ही सैतानाला पळवून लावण्याची हत्यारे होतात. माझी तक्रार धर्माचा अपमान झाला अशी नाही. तसा तो झालेलाही नाही. तक्रार कलेची आहे. जे चिन्ह हातात धरताच काम करते, ते धरणाऱ्याची श्रद्धा किंवा त्याचा संशय यांना कथेत स्थानच उरत नाही.

‘पुराना मंदिर’ (1984) घ्या. वंशातील प्रत्येक स्त्री प्रसूतीत मरेल, हा सामरीचा शाप. कल्पना खरोखर भीषण आहे. जिच्या घरी बाळंतपणात कोणी दगावले आहे अशा खेड्यातील स्त्रीला ती नुसती ऐकूनही कापरे भरेल. उंचाडा अजय अगरवाल सामरी म्हणून उभा राहतो, तेव्हा मुखवट्याचीही फारशी गरज भासत नाही. आणि नेमक्या अशा वेळी दिग्दर्शक जगदीपकरवी ‘शोले’ची नक्कल करवतो, नायिकेला पाण्याखाली उभी करतो, गाणे घालतो. आपल्याच भयावर त्यांचा विश्वास नाही! तिकिटाच्या पैशांत थोडे सर्व काही मिळाले पाहिजे, हा हिशोब पडद्यावर उघड दिसतो. दहा वर्षांनंतरच्या ‘महाकाल’मध्ये तर भयसुद्धा परक्या चित्रपटातून जसेच्या तसे उचललेले आहे.

अमेरिकेचा एड वुड (1924–1978) येथे आठवतो. मृत्यूनंतर ‘सर्वकालीन सर्वात वाईट दिग्दर्शक’ म्हणून त्याची थट्टा झाली. एका चित्रपटासाठी त्याने बाप्टिस्ट मंडळींकडून पैसे घेतले आणि त्यांच्या आग्रहाखातर नटांसह बाप्तिस्माही घेतला. (अशा बाप्तिस्म्याविषयी काय बोलावे!) वुडजवळ कसब नव्हते, पण आपल्या चित्रपटावर त्याची वेडी निष्ठा होती. रामसेंचे नेमके उलट आहे.

तरीही प्रेक्षकाला मी हसणार नाही. वालूरचे एक शेतकरी मला सांगत होते की, जत्रेतील तंबूत ‘पुराना मंदिर’ पाहिल्यानंतर कितीतरी दिवस तिन्हीसांजेला गावातल्या बारवेच्या पायऱ्यांकडे पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. गोल उतरत जाणाऱ्या त्या पायऱ्या त्यांच्या बालपणापासूनच्या ओळखीच्या. मी विचारले, आणि ती विनोदी पात्रे? ती त्यांना मुळीच आठवत नव्हती. दिग्दर्शकाने जे भरताड म्हणून घातले ते त्यांच्या स्मरणाने केव्हाच गाळून टाकले होते. उरले ते संकलन मूळ चित्रपटापेक्षा चांगले होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

1993 साली ‘झी हॉरर शो’ सुरू झाला आणि हे भय दर आठवड्याला घरोघर येऊ लागले. तेथे तीन तासांचा पसारा नव्हता, गाण्यांचीही सक्ती नव्हती. जे गाळायला हवे होते ते माध्यमानेच गाळले. मात्र तोवर दरवाजा कोणत्या क्षणी कुरकुरणार, हे घरातल्या लहान मुलांनाही पाठ झाले होते.