परिसंवादात सून कुठे?

१० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा म्हणजे आत्महत्या ठरवली आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हापासून या विषयावरचे परिसंवाद ऐकतेय. एकजण कलम २१ धरतो, जगण्याचा हक्क. दुसरा कलम २५, धर्माचा. वकील बोलतात, पंडित बोलतात, समाजाचे अध्यक्ष तर बोलतातच. पण अंथरुणावरच्या आजीची कूस बदलणारी सून व्यासपीठावर कधी दिसली नाही.

खरं तर तत्त्वार्थसूत्रानं सल्लेखनेचे पाच अतिचार सांगितलेत. जगण्याची आस जशी दोष, तशी मरणाची आसही दोषच. मग आजीच्या मनात काय आहे, हे तिला एकांतात कोणी विचारलं का? दर्शनाला रीघ लागली, जयजयकार सुरू झाला, आणि चौथ्या दिवशी तिनं जेवण मागितलं, तर घर देईल की समाजाला लाजेल? हक्काचा प्रश्न इथंच आहे, बाई. तो वकिलाला सुचला नाही, पंडितांनी टाळला.

माझी संथाऱ्यावर श्रद्धा आहे, म्हणूनच म्हणते: शाहपूर-बऱ्हाणपूरकडे पुढचा परिसंवाद ठेवाल, तेव्हा एक खुर्ची सुनेला द्या. आणि आधी तिला बोलू द्या.