'सांगत्ये ऐका' : नात्यांचे अर्थकारण आणि निवेदनाचा अधिकार

हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन 1970 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हापासून या पुस्तकाचे वाचन बहुधा दोन दिशांनी होत आले आहे. एका वाचनाला त्यात धीट कबुलीजबाब दिसतो, तर दुसऱ्याला पुरुषांनी फसवलेल्या स्त्रीची शोकांतिका. दोन्ही वाचनांत नटीचे आयुष्य म्हणजे तिच्या आयुष्यात आलेल्या पुरुषांची क्रमवारी, असे गृहीत धरलेले असते. संहिता मात्र या गृहीताला पुरेसा आधार देत नाही.

येथे नात्यांच्या मुळाशी मिळकत आहे. 1923 मध्ये जन्मलेली रतन साळगावकर 1936 च्या 'विजयाची लग्ने' या चित्रपटातून पडद्यावर आली आणि हंसा वाडकर झाली. तेरा वर्षांच्या मुलीच्या कमाईवर घर उभे राहते, तेव्हा त्या घरातील वात्सल्यही निर्मळ राहू शकत नाही. जगन्नाथ बंदरकर यांच्याशी झालेला विवाह या व्यवस्थेतून सुटका ठरायला हवा होता. पण कमावणारी तीच राहिली आणि व्यवहार पतीच्या हाती गेले. गृहिणीपदाची तिची ओढ पुस्तकात वारंवार प्रकटते. ही ओढ परंपराशरण वाटून स्त्रीवादी समीक्षा कधी कधी अडखळते. परंतु जिच्यावर श्रमाची सक्ती आहे, तिच्या दृष्टीने घर म्हणजे प्रथमतः विश्रांती होय, हे लक्षात घेतले म्हणजे या ओढीतला विरोध दिसू लागतो. मराठवाड्यातील एका जमीनदाराच्या वाड्यातील वास्तव्याचा भाग या दृष्टीने निर्णायक आहे. तेथे मिळकतीची सक्ती नाही, पण उंबरठा ओलांडण्याची मोकळीकही नाही. बाहेर राहिले तर श्रम आणि आत गेले तर कोंडी, हा पेच कोणा एका पुरुषाच्या स्वभावातून उद्भवलेला नाही.

श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका' (1977) या चित्रपटाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. स्मिता पाटील यांनी साकारलेली उषा पतीच्या आर्थिक पिळवणुकीला सामोरी जाते. तो धागा चित्रपटाने सोडलेला नाही. तथापि वर्तमान आणि गतकाळ यांच्या गुंफणीतून केशव, राजन, सुनील आणि काळे हे चौघे जणू आत्मशोधाचे टप्पे बनतात. अखेरीस मुलीने देऊ केलेला आसराही नाकारून उषा एकटेपण पत्करते. भोगलेल्या आयुष्याला अशा रीतीने बोधाचा आकार लाभतो. आत्मकथनात हा आकार नाही. तेथे घटना एकमेकींना लागून येतात, पश्चात्ताप आणि बेफिकिरी शेजारी नांदतात. हा विस्कळीतपणा रचनेतील उणीव मानण्याचे कारण नाही. स्वतःला निष्कर्षात बंदिस्त न करण्याचा तो मार्ग आहे.

हे आत्मकथन कथन केलेले असून त्याचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले, ही बाब येथे गौण नाही. बोलणारी एक आणि लिहिणारा दुसरा असल्यामुळे 'हा आवाज कोणाचा' हा प्रश्न उद्भवतो, आणि त्याचे संपूर्ण उत्तर संहितेतून मिळणे अशक्य आहे. शीर्षकही उसने आहे. ते अनंत माने यांच्या 1959 च्या, हंसाबाईंचीच भूमिका असलेल्या तमाशापटाचे. आयुष्यभर इतरांनी लिहिलेले संवाद म्हणणारी नटी स्वतःचे आयुष्य सांगताना शीर्षक चित्रपटाचे घेते आणि लेखणी दुसऱ्याची. तरीही 'सांगत्ये' या क्रियापदातील कर्तेपण तिचेच राहते. श्रोत्याला ती 'ऐका' म्हणते. न्याय मागत नाही, क्षमाही मागत नाही.

म्हणून या पुस्तकाचे मोल त्यातील सनसनाटीत शोधणे व्यर्थ आहे, तसेच त्यातील दुःखाच्या परिमाणातही. प्रेम, विवाह आणि मातृत्व या नात्यांचा जमाखर्च मिळवत्या स्त्रीच्या बाजूने मांडणारी अशी संहिता मराठी आत्मचरित्राच्या परंपरेत विरळा आहे. नटीच्या चारित्र्याची चर्चा बाजूला सारून तिच्या श्रमाची चर्चा आरंभल्याखेरीज तिचे सांगणे ऐकले गेले, असे म्हणता येणार नाही.