काळी, पांढरी आणि भूकंपाचा हादरा

किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या, सुमारे ६.२ परिमाणाच्या भूकंपाचे विवेचन करताना काळ्या जमिनीस दोष देण्याची एक रीत पडून गेली आहे. शेजारच्या बीड जिल्ह्याच्या दृष्टीने ही उपपत्ती तपासणे अगत्याचे आहे. कारण मांजरेच्या खोऱ्यातील काळी, बालाघाटावरील मुरूम व कातळ आणि गोदाकाठचा गाळ या तिन्ही भूमी त्या एकाच जिल्ह्यात आढळतात.

पहिला आक्षेप पुराव्याविषयी. केंद्रभागात मुख्य धक्क्याची नोंद करणारे यंत्र नव्हते. हादऱ्याची तीव्रता पडलेल्या घरांवरून ठरविण्यात आली. पुढे घरे का पडली याचे उत्तर त्याच तीव्रतेत शोधू गेल्यास ते चक्राकार अनुमान होते. मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाचा मणामणांचा भार, असे घर कातळावर तरी कितीसे टिकले असते? गवती छपराच्या झोपड्या त्याच गावांत बव्हंशी वाचल्या, हे विसरता येत नाही.

दुसरे असे की, गाव काळीत नसते. काळी पिकाची, पांढरी वस्तीची, हा भेद आपल्या भाषेने केव्हाच करून ठेवला आहे. गावठाणाची पांढरी म्हणजे पिढ्यान् पिढ्या पडलेल्या भिंती, राख व माती यांची भर. शेतजमिनीचा मृदानकाशा पुढे ठेवून गावाच्या पायाखालील भूमीविषयी बोलणे म्हणूनच अप्रस्तुत ठरते.

भूमी हादरा वाढविते, हे निर्विवाद आहे. १९८५ साली मेक्सिको शहराच्या तळ्याच्या चिखलाने सुमारे दोन सेकंदांच्या लाटा वाढविल्या व मुख्यतः मध्यम उंचीच्या इमारती पाडल्या. परंतु थराच्या जाडीची चौपट करून तीस कर्तन-लहरींच्या वेगाने भागले असता थराचा आवर्तनकाल मिळतो. वेग सेकंदास २०० मीटर धरल्यास ४ मीटर जाडीच्या थराचा काल ०.०८ सेकंद येतो, म्हणजे बैठ्या दगडी घराच्या कालाजवळचा. २० मीटर गाळाचा येतो ०.४ सेकंद, आणि तो चार मजली काँक्रीट इमारतीस जाऊन भिडतो. ‘मऊ जमीन’ या एकाच शब्दाने दोन्ही गोष्टी सांगता येणार नाहीत.

भारतीय मानक १८९३ च्या २००२ सालच्या आवृत्तीतही हीच उणीव राहिली. तिने भूमीचे तीन वर्ग केले खरे, पण ०.४ सेकंदापर्यंतच्या कालासाठी तिन्हींचा प्रतिसाद-गुणांक एकच ठेवला. म्हणजे ज्या बैठ्या घरांत माणसे सर्वाधिक मेली, त्यांच्यापुरता भूमिभेद कागदावर नाहीसाच झाला!

बीडमध्ये संशोधन करू इच्छिणाऱ्याने आधी गावठाणात उथळ छिद्रे घेऊन पांढरीची जाडी मोजावी, भूमीच्या सूक्ष्म कंपनांची नोंद घ्यावी, आणि मगच काळीवर आरोप ठेवावा. गोदाकाठी गाळ खोल निघाल्यास मात्र चिंता माळवदांची नव्हे, नव्या बहुमजली बांधकामांची करावी लागेल.